प्रमिलाताईंचा तेजराज

मनीषनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, तिसऱ्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. त्याआधी बरीच वर्षं तिथे प्रमिला मेश्राम बसायच्या. ब्लाउज शिवायच्या आणि शिवता शिवता गोष्ट लिहायच्या. लिहायच्या म्हणजे बोलायच्या. फोन बटणांच्या डब्याला टेकवून उभा केलेला असायचा. त्या बोलायच्या आणि फोन टाइप करायचा. फोनशी बोलताना पुस्तकातली मराठी आणि आमच्याशी नागपुरी, असं दोन्ही एकाच दमात चालायचं.

“तेजराजने तिचा दंड घट्ट धरला, पूर्णविराम. मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं, पूर्णविराम. बाही कुठवर ठेवू वं तुमची? कोपरापर्यंत का वर?”

यातलं वाचकांसाठी काय आणि गिऱ्हाइकासाठी काय, हे फोनला कुठून कळणार? एकदा रडणाऱ्या मीनलच्या तोंडी तो बाहीचा प्रश्न तसाच्या तसा गेला. गोष्टीखाली वाचकांनी विचारलं, ‘मीनल टेलरिंगचा कोर्स करते का?’ त्याच दिवशी प्रमिलाताई दोन जिने चढून, धापा टाकत माझ्या दाराशी आल्या. मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते आणि आता घरी बसून पुस्तकं तपासते, हे त्यांनी माझी मापं घेताना काढून घेतलेलं होतं.

“मॅडम, टाकायच्या आधी तेवढं पाहून देत जा ना. ऱ्हस्व-दीर्घ काही मले समजत नाही. तुमचे सारे ब्लाउज मी शिवीन.”

मी हो म्हटलं. मला गंमतच वाटली होती.

प्रमिलाताई ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. चष्मा दोरीने गळ्यात. बोलताना ओठांत दोन टाचण्या धरलेल्या असायच्या आणि तरीही शब्द स्वच्छ. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. “ते चौतीसवाली आली होती, तिच्या पोरीचं जमलं म्हणे.” रविवारी गाळा बंद असायचा. पांढरी साडी नेसून त्या विहारात जायच्या आणि येताना माझ्यासाठी खीर आणायच्या. दूध न घातलेला चहा दिवसातून सात-आठ वेळा. वीज गेली, सिलिंडर संपला, नळाला पाणी आलं नाही, कशावरही त्यांचं एकच उत्तर असायचं, “पुढच्या भागात पाहू.”

गोष्टी वाचायच्या-ऐकायच्या एका ॲपवर त्यांची मालिका चालायची. तेजराज म्हणजे मोठ्या घरचा, देखणा, तापट मुलगा. मीनल म्हणजे साधी, गरीब घरची, मनाविरुद्ध त्याच्याशी लग्न लागलेली. तो ओरडायचा, तिचा फोन तपासायचा, तिला खोलीत कोंडायचा, आणि मग आतून किती हळवा आहे ते दिसायचं. एका भागात घाबरवायचं, दुसऱ्या भागात रडवायचं. प्रमिलाताईंना त्याचं माप बरोबर सापडलं होतं. वाचणाऱ्या बायका हजारांनी होत्या. भाग यायला एक दिवस उशीर झाला की फोन टुणटुणत राहायचा.

त्यांचे यजमान लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होते. मी त्यांना पाहिलं नाही. मी राहायला यायच्या आधीच ते वारले. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट प्रमिलाताईंनी मला सांगितली होती. चाळिशीत ताईंना जवळचं दिसेनासं झालं, सुईत दोरा ओवता येईना. तेव्हापासून कामावर निघायच्या आधी ते रोज दहा-बारा सुयांत वेगवेगळ्या रंगाचे दोरे ओवून सुया-टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचून ठेवत. चष्मा आला तरी ठेवत. मरायच्या आदल्या दिवशीही ठेवले होते.

“मग तेच लिहा की,” मी म्हटलं.

त्या हसल्या. “त्याच्यात गोष्ट कुठं आहे वं? उभ्या जन्मात माह्यावर हात नाही उचलला त्या माणसानं. आवाज नाही चढवला. वाचणार कोण?”

एका भागात तेजराजने मीनलला थोबाडीत मारली. ती बसथांब्यावर जुन्या वर्गमित्राशी बोलत होती म्हणून. मग दुसऱ्या दिवशी तो मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर अनवाणी उभा राहतो, दिवसभर पाणी पीत नाही, आणि ती धावत वर गेल्यावर म्हणतो, “तुझ्यावर हात उचलतो तेव्हा माझाच जीव जातो, मीनल.” मीनल त्याच्या पायांवर ओला पदर टाकते.

तो भाग वाचून मी तडक खाली गेले.

“ताई, हे जरा कसंतरीच वाटतं. मारतो आणि वर हिनेच त्याची समजूत काढायची?”

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. “गोष्ट आहे ना मॅडम. बायांले दिवसभर घरात काम आहे, घडीभर रडू येते, मोकळं वाटते. कोणी खरं थोडीच मानून राहिलं?”

खरं सांगायचं तर मी पुढे वाद घातला नाही. त्यांनी ‘जिव’ लिहिलं होतं, त्याचं मी ‘जीव’ केलं आणि भाग परत दिला.

तो भाग त्यांच्या सगळ्या भागांत सर्वाधिक वाचला गेला.

त्यानंतर महिनाभराने असेल. दुपारची वेळ, मी माझा ब्लाउज घ्यायला गेले होते. मशीन बंद होती आणि प्रमिलाताई फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. “ऐका,” एवढंच म्हणाल्या आणि एका वाचक मुलीचा आलेला निरोप लावला. कोवळा आवाज होता, मागे बायकांची गडबड.

“ताई, मी भिवापूरवरून रेश्मा बोलून राहिली. मी मिरचीच्या सातऱ्यावर देठ तोडाले जाते. तोडता तोडता कानात तुमची गोष्ट लावून ठेवते. साऱ्याच बाया ऐकतात. ताई, आमचे हे पण तेजराजसारखेच आहेत. राग आला का हात उचलतात. आधी मले लय वाईट वाटे. मायच्या घरी निघून जावं वाटे, पिशवी पण भरली होती एक खेप. मंग तुमचा तो भाग ऐकला. मले समजलं, का जेवढा जीव तेवढा राग. तुम्ही नसतं लिहिलं तं मी गेली असती ताई. थँक्यू.”

प्रमिलाताईंनी ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. ओठांतल्या टाचण्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या.

“थँक्यू म्हणते,” त्या म्हणाल्या. “पिशवी भरली होती म्हणते वं.”

त्याच दुपारी त्यांनी तिला फोन केला. मी तिथेच होते. आधी गोडीने विचारलं, किती दिवस झाले, कशाने मारतो, माहेर कुठे आहे. मग म्हणाल्या, “बेटा, ते गोष्टीतलं आहे. तू मायकडे निघून जा.” पलीकडून हसू आलं. मला ते फोनच्या बाहेरही ऐकू आलं. “असं काहून बोलता ताई? मीनल कुठं गेली? तुम्हीच तं लिहिलं.”

प्रमिलाताईंनी ठरवलं की मग मीनललाच बाहेर काढायचं. मला वाटतं, इतकी मेहनत त्यांनी कुठल्याच भागावर घेतली नसेल. चार वेळा लिहिला. मीनल पहाटे पिशवी घेऊन निघते, चौकीत जाते, माराचे वळ दाखवते, आईकडे परत जाते आणि आई तिला दार उघडते. तेजराज फोन करतो, ती उचलत नाही. मी त्यात फक्त दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मला तो भाग फार आवडला होता.

संध्याकाळपर्यंत वाचक तुटून पडले. ‘मीनल इतकी स्वार्थी कशी?’ ‘तेजराजचं प्रेम दिसलं नाही का हिला?’ ‘लेखिकेचं स्वतःचं घर मोडलं वाटतं, म्हणून दुसऱ्याचं मोडते.’ हे त्या मला वाचून दाखवत होत्या, एकेक, आवाज न बदलता. रेश्माचाही निरोप आला. “ताई, हे तुम्ही नाही लिहिलं ना? तुमचा फोन कोणाच्या हाती लागला का?”

प्रमिलाताईंनी दुसऱ्या दिवशी पूर्ण मालिकाच काढून टाकली. मला सांगितलंही नाही. दोन वर्षांचं लिखाण एका बोटाने पुसलं आणि मला म्हणाल्या, “झालं. नाही राहिला तेजराज.”

आठवड्याभरात तो परत आला. कोणीतरी जुने भाग उतरवून ठेवलेले होते. दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच ठिकाणी, कोणा मुलीच्या गोड आवाजात ते सुरू झाले, थोबाडीत मारल्याचा भाग तर दोनदा टाकलेला. आणि चौकीचा भाग वगळून पुढे नवीन लिहिलेलं होतं. मीनल स्वतःच चूक कबूल करते, तेजराजच्या पाया पडते. प्रमिलाताईंनी तक्रार केली. तक्रार मिळाल्याचं उत्तर लगेच आलं, त्यापुढे काही नाही. पुन्हा केली, पुन्हा तेच उत्तर. माझ्याकडूनही एक लांबलचक पत्र लिहून घेतलं, शुद्ध मराठीत. त्याचंही तेच झालं.

“मॅडम, माह्याच माणसाले मी मारू नाही शकत,” त्या म्हणाल्या. मग ‘मारू’ हा आपलाच शब्द कानावर पडून त्यांनी बटणांचा डबा उगाच उघडून बंद केला.

रेश्मा फोन उचलेनाशी झाली तेव्हा आम्ही दोघी भिवापूरला गेलो. उमरेडच्या पुढे बसच्या खिडकीतून मिरचीचा ठसका यायला लागला. शेतांमध्ये लाल चादरी पसरल्यासारखी मिरची वाळत होती. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या त्या मोठ्या अंगणात, बायका तोंडाला फडकी बांधून ओळीने बसल्या होत्या, आणि खरंच, बऱ्याचजणींच्या कानांत वायरी होत्या. रेश्मा त्या दिवशी कामावर आलेली नव्हती. एकीने घर दाखवलं.

मी मनात एक राक्षस धरून गेले होते. दार उघडलं ते पंचविशीतल्या एका सडपातळ, हसतमुख पोराने. पिकअप गाडी चालवतो म्हणाला. कोण आलंय हे कळल्यावर तो वाकून प्रमिलाताईंच्या पाया पडला.

“रेशू, पाह्य कोण आलं! तेजराजवाल्या ताई! ताई, मी पण ऐकतो ना. जेवताना हे मोठ्यानं लावते. एक नंबर माणूस लिहिला तुम्ही.”

रेश्मा आतून आली. बारीकशी मुलगी, बोटं मिरचीने लाल झालेली. डाव्या मनगटाच्या वर काळंनिळं होतं, ते तिने पदराखाली घेतलं. तिला इतका आनंद झाला होता की काय करू अन् काय नको. नवऱ्याला साखर आणायला पिटाळलं, तो जाताना दारात थांबला, छातीवर हात ठेवला आणि आम्हाला ऐकू जाईल असं, नाटकात म्हणतात तसं म्हणाला,

“तुझ्यावर हात उचलतो तेव्हा माझाच जीव जातो, रेश्मा!”

आणि हसला. तीही लाजून हसली. “हे असंच म्हणतात ताई. दरखेपी म्हणतात.”

‘जीव’ त्याने अगदी स्वच्छ म्हटलं. प्रमिलाताईंचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नाही.

तो परत येईपर्यंत पाच-सात मिनिटं मिळाली. प्रमिलाताईंनी तिचा हात धरला. “बेटा, चाल माह्यासंग. आत्ता. या बसनं. माह्या घरी राहाजो, मी शिवणकाम शिकवीन तुले.”

रेश्मा गोंधळली. “काहून ताई?”

“हे काय झालं हाताले?”

“ते तं मीच उलटून बोलली होती.” मग जरा थांबून, आम्हाला बरं वाटावं म्हणून, ती म्हणाली, “ताई, आता तं लय फरक आहे. आधी मारून निघून जात होते. आता रडतात हे. गोष्ट ऐकाले लागल्यापासून रडतात.”

एवढ्यात तो साखर घेऊन आला. प्रमिलाताई उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या खांद्याला लागतील एवढ्या. “बाबू, ते मी खोटं लिहिलं होतं. असा कोणी माणूस नसते. हात उचलणारा माणूस वाईटच असते. तेजराज वाईट होता.”

तो नम्रपणे ऐकत होता. “असं कसं ताई? तुम्हीच बनवला ना त्याले,” तो म्हणाला, आणि बायकोला, “चहा ठेव वं, ताई थकल्या.”

आम्ही चहा प्यायलो. आणखी काय करणार होतो?

गावातल्या आरोग्यसेविकेला भेटलो. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, “मी दोनदा विचारलं तिले. पडली म्हणते. तिनं तोंड उघडल्याशिवाय मी काय लिहू?”

परतताना कुहीच्या फाट्याशी प्रमिलाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मारणं त्याचंच होतं वं मॅडम. माह्या आधीपासून होतं. पण त्याले चांगलं नाव मी देल्लं.”

मी म्हटलं, तुमच्या एका गोष्टीने असं होत नाही, सिनेमे असतात, घरात बापाला पाहिलेलं असतं, शेजारीपाजारी असतात. हे सगळं खरंच होतं. त्यांनी मान हलवली. मला मात्र माझंच बोलणं ऐकताना ते वर्तमानपत्रातल्या खुलाशासारखं वाटत होतं, आतल्या पानावर, बारीक अक्षरात.

त्यानंतर त्यांनी यजमानांवर लिहायला घेतलं. सुयांत दोरे ओवणारा माणूस, बायकोचं डोकं दुखलं की स्वतः भाकरी थापणारा, आरामशीनच्या भुशाने खोकणारा. फोनशी बोलताना त्यांचा आवाज त्या दिवसांत हळू व्हायचा. चार भाग झाले. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं तपासली, पण ते चार भाग तपासताना मला पेन खाली ठेवावा लागला होता. वाचणाऱ्या चाळीस-पन्नासजणी. खाली लिहिलेलं, ‘पुढे काय?’ ‘हिरोमध्ये दम नाही.’ ‘तेजराज कधी आणता?’ पाचवा भाग त्यांनी लिहिलाच नाही.

मग त्या महिन्यातून एकदा भिवापूरला जायला लागल्या. निमित्त शिवणाचं. तिथल्या बायकांची मापं घ्यायच्या, पुढच्या खेपेला ब्लाउज नेऊन द्यायच्या. खरं कारण रेश्मा त्याच आळीत राहायची, एवढंच. रेश्माच्या नवऱ्याने काही मना केलं नव्हतं. तो तर कौतुकाने पाणी विचारायचा. दोन-तीन खेपा त्या बोलत राहिल्या, ती हसून विषय बदलत राहिली. मग एका खेपेला रेश्मा स्वतः कापड घेऊन आली.

तो ब्लाउज मी गाळ्यात पाहिला. हिरवा, साधा, सुती. एप्रिलच्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या.

“लांब ठेवा म्हणाली,” प्रमिलाताई म्हणाल्या. “मी म्हटलं, उन्हाळा आहे बेटा. तं म्हणे, ठेवा ना ताई.” त्या बाहीची शिवण उलटीसुलटी करून तपासत होत्या. “नाही म्हणता नाही आलं वं मॅडम. आता झाकूनही मीच देऊन राहिली.”

मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले. काही वेळाने त्यांनी धागा दाताने तोडला आणि ब्लाउजची घडी घातली.

एकदा रेश्माचा फोन आला होता. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिने कोणतीही तक्रार केली नाही. दुसऱ्या ठिकाणची ती गोष्ट मध्येच बंद पडली होती आणि तिला शेवट हवा होता. “ताई, खरं सांगजा. शेवटी सुधरते ना तो?”

प्रमिलाताई म्हणाल्या, “नाही सुधरत बेटा.”

त्यावर ती म्हणाली, “तुम्हाले आता लिहिता येत नाही ताई,” आणि फोन ठेवला. पुढे तो नंबर लागेनासा झाला. घर बदललं असं शेजारणी म्हणाल्या. पिकअपच्या कामासाठी नवरा कुठे तरी छत्तीसगडकडे घेऊन गेला. मुलगी झाली असं कोणी सांगितलं, कोणी मुलगा. यापलीकडे मलाही काही माहीत नाही.

तरी प्रमिलाताईंचं भिवापूरला जाणं थांबलं नाही. आता कोणासाठी जाता, असं विचारायचा मला धीर झाला नाही. दिवाळीनंतर रक्तदाब वाढून त्या झोपेतच गेल्या. सकाळी शटर उघडलं नाही म्हणून कळलं.

भिवापूरला निघालेलं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या तीन आठवडे आधी, बसस्टँडवर. मी वर्ध्याच्या गाडीची वाट बघत होते. समोर भिवापूरची बस लागलेली होती आणि खिडकीशी प्रमिलाताई बसल्या होत्या. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या शेजारच्या मुलीकडे बघत होत्या. अठरा-एकोणीसची, कॉलेजची असावी. तिच्या कानांत वायरी होत्या, डोळे मिटलेले, ओठांवर हसू.

प्रमिलाताईंनी तिच्या दंडाला हळूच हात लावला. मुलीने डोळे उघडले, एका कानातली वायर काढली. ताई बोलायला लागल्या. काच बंद होती, मला काही ऐकू येत नव्हतं, नुसते हात दिसत होते. त्या बऱ्याच बोलल्या. मुलगी ऐकत होती, मोठ्या माणसाचं ऐकतात तशी, मान हलवत. मग ती गोड हसली, काहीतरी म्हणाली, आणि वायर परत कानात घातली.

गाडी मागे सरकली, वळली. प्रमिलाताई अजून बोलतच होत्या.